गोठ्याच्या भिंतीवरील आकृती

नववीच्या वर्गास ओहमचा नियम शिकविण्यास मला यंदा अठरा वर्षे झाली. फळ्यावर एक विद्युत्-घट, एक रोध व एक प्रवाहमापक काढावयाचा, त्यांस रेघांनी जोडावयाचे, आणि विभवांतरास रोधाने भागिले म्हणजे प्रवाह मिळतो असे मुलांकडून वदवून घ्यावयाचे, हा क्रम माझ्या इतका अंगवळणी पडला आहे की, खडू हातात घेताच तो आपोआप चालू लागतो. विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी पुष्कळांनी ती आकृती वहीत उतरविली असेल व परीक्षेत तिचे गुणही मिळविले असतील. त्याच नियमाने दोन वर्षांपूर्वी आटगाव येथे खुद्द मला जो धडा दिला, तो मात्र मी आजवर वर्गात सांगितला नाही. सांगावयास संकोच वाटे. यंदा वार्षिक अंकासाठी लेख द्या, असा संपादकमंडळाचा आग्रह झाला, तेव्हा दुसऱ्या कोणत्याही विषयावर लेखणी चालेना. म्हणून तीच हकीकत लिहून काढीत आहे. पालकमंडळींनीही ती अवश्य वाचावी. कारण तिच्यातील चूक एकट्या मास्तरांच्या वाट्याची नाही, चांगल्या शहाण्यासुरत्या घरांतून ती रोज होत असते.

आटगाव हे शहापूर तालुक्यातील, मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावरचे लहानसे स्थानक. आसनगाव मागे पडले की डाव्या हातास माहुलीच्या किल्ल्याचे सुळके दिसू लागतात, आणि ते पाहता पाहताच गाडी आटगावास येऊन थांबते. मुंबईला १८९२ पासून पाणी पाजणारा तानसा तलाव येथून फार दूर नाही. पावसाळ्यात येथे पाण्याला तोटा नसतो. पण मे महिन्यात गवत वाळून काड्या होतात, ओढ्यांचे दगड उघडे पडतात आणि जमीन पायाला भाजते. जमिनीचा प्रकारही सांगून ठेवतो. वर वीत-दोन वीत तांबूस माती, तिच्याखाली मुरूम, आणि त्याच्याखाली सह्याद्रीचा काळा कातळ. पहारीने खणू लागावे तो कमरेइतक्या खोलीवर ठणकन आवाज येतो. हे वर्णन मी शोभेसाठी केलेले नाही. पुढील साऱ्या गोष्टीचे मूळ त्या मुरमात व कातळात आहे.

माझे थोरले बंधू, ज्यांस आम्ही सारी भावंडे दादा म्हणतो, ते नोकरीतून मोकळे झाल्यावर येथे येऊन राहिले. लहानसे घर, मागे परसू, परसात विहीर, आणि विहिरीलगत पत्र्याचे छप्पर व लोखंडी खांब असलेला गोठा. गोठ्यात दोन म्हशी व एक रेडकू. कोपऱ्यात एक अश्वशक्तीची मोटर बसविलेली असून विहिरीतून पाणी ओढणारा तिचा नळ प्लॅस्टिकचा आहे. मोटरीपासून गुरांच्या हौदापर्यंत गेलेला नळ मात्र लोखंडी, आणि हौदही लोखंडी पत्र्याचाच, चार विटांवर ठेवलेला.

ही मोटर बसली त्या दिवशी मी योगायोगाने तेथे होतो. वायरमनने घराच्या दुसऱ्या अंगास एक लोखंडी सळई ठोकली. ती सव्वा मीटरवर कातळास लागली व पुढे जाईना, तेव्हा तेवढ्यावरच समाधान मानून त्याने तिजपासून तार आणिली आणि मोटरीच्या अंगास आवळली. दादांनी विचारले, "ही तार कशाला रे?" हा प्रश्न एखाद्या शास्त्रशिक्षकास विचारणे म्हणजे आंधळ्याने डोळा मागण्यासारखेच! मी खिशातला खडू काढला आणि गोठ्याच्या भिंतीवर आकृती काढून दाखविली. येथे फेजची तार, येथे फ्यूज, ही मोटर, आणि ही जमिनीत जाणारी तार. तारेच्या टोकास मी जमिनीचे चिन्ह काढले. एकीखाली एक अशा, लहान होत जाणाऱ्या तीन आडव्या रेघा. तुमच्या पुस्तकात असते तेच. मी म्हटले, "समजा, आतली तार उघडी पडून मोटरीच्या अंगास लागली. मग सारा प्रवाह या वाटेने जमिनीत धावेल. वाट मोकळी असल्यामुळे तो फार मोठा होईल, फ्यूज वितळेल, आणि मोटर मुकी होईल. तुम्ही खुशाल हात लावा." दादांनी समाधानाने मान हलविली. ती आकृती वहिनींनी पुसू दिली नाही. भाऊजींनी काढलेली म्हणून राहू दिली.

पुढे दोन वर्षांनी, मे महिन्याच्या सुटीत, मी पुन्हा आटगावी होतो. संध्याकाळची वेळ. मी ओटीवर वाचीत बसलो होतो. वहिनींनी ओटीवरचे बटण दाबून मोटर सुरू केली व त्या दुधाची भांडी आणावयास आत गेल्या. रोजचाच क्रम होता. हौद भरू लागला की थोरली म्हैस नळाच्या तोंडाशीच तोंड नेऊन पाणी पिई. तिला भरल्या हौदापेक्षा वाहते पाणी आवडे. एकाएकी काही जड वस्तू कोसळल्याचा आवाज झाला. दादा परसात होते, ते धावले, मीही धावलो. म्हैस चारी पाय ताणून ओल्या कोब्यावर पडली होती व तिचे तोंड नळाशी होते. दादांनी तिला ओढावयास हात पुढे केला. मी ओरडलो, एवढेच माझ्या हातून झाले. बटण बंद केले ते वहिनींनी. आवाज ऐकून त्या आतल्या आत ओटीकडे वळल्या होत्या. दादांचा हात नळापासून वीतभर अंतरावर होता.

म्हैस गेली. रेडकू पलीकडे पेंढ्यावर कोरड्यात उभे होते, ते वाचले. त्या रात्री घरात कोणी फारसे बोलले नाही. रोज सकाळी त्याच ओल्या कोब्यावर, अनवाणी, स्टीलची बादली घेऊन वहिनी बसत, आणि बादली विसळण्यासाठी त्याच नळास हात लावीत, हे तिघांच्याही मनात होते. दादा फक्त एकदा म्हणाले, "अर्थिंग तर होते ना? तूच सांगितले होतेस." मला उत्तर सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी शहापूरहून एक वयस्क वायरमन आले. त्यांनी आधी मेन बंद केला व फ्यूज उपसून पाहिला. "मास्तर, तार शाबूत आहे." मी स्वतः पाहिले. १५ अँपिअरचा फ्यूज, त्याची तार काळवंडलीसुद्धा नव्हती. मग त्यांनी मोटरीची जोडपेटी उघडली. आत उंदराने फेजच्या तारेवरील वेष्टण कुरतडले होते व उघडे तांबे पेटीच्या कडेस टेकले होते. म्हणजे मी भिंतीवर काढून दाखविलेला प्रसंग अक्षरशः तसाच घडला होता, आणि अर्थिंगची तारही जागच्या जागी घट्ट होती. फक्त फ्यूज वितळला नव्हता.

वायरमनांनी सळईपासून तार सोडविली, दूर अंतरावर दोन लहान खुंट्या ठोकल्या, आणि आपले मापक जोडले. काटा ४२ ओहमवर थांबला. ते म्हणाले, "पावसात हीच सळई अर्ध्याहून कमी दाखवील. पण मे महिन्यात मुरूम म्हणजे वाळली वीटच." मग मी कागद घेतला. जे गणित मी शेकडो मुलांकडून करवून घेतले होते ते त्या दिवशी प्रथम माझ्यासाठी केले.

बिघाडाचा प्रवाह जातो तो गोल वाटेने जातो. रोहित्रातून निघून खांबावरच्या तारेने घरात येतो, मोटरीच्या अंगात शिरतो, अर्थिंगच्या तारेने सळईपर्यंत जातो, तेथून माती तुडवीत रोहित्राच्या स्वतःच्या अर्थिंगपर्यंत पोहोचतो व आपल्या घरी परततो. या साऱ्या मंडलाचा रोध मिळून जो होईल त्याने २३० व्होल्टना भागावयाचे. आमच्या सळईचे ४२ ओहम, आणि तारा, रोहित्र व त्याचे अर्थिंग यांचे सुमारे ४ धरू, एकूण ४६. २३० भागिले ४६, म्हणजे ५ अँपिअर. पंधरा अँपिअरच्या फ्यूजला पाच अँपिअरची काय तमा? तो रात्रभर चालू राहिला असता. आणि मोटरीच्या अंगावर किती व्होल्ट राहिले? ५ गुणिले ४२, म्हणजे २१०. मी ज्या नळास खुशाल हात लावा म्हणून सांगितले होते, त्यावर २१० व्होल्ट उभे होते, व पुस्तकी नियमाप्रमाणेच उभे होते. नियम खोटा ठरला नव्हता. माझ्या आकृतीत त्या तीन आडव्या रेघांपाशी मी ४२ ओहम लिहावयास विसरलो होतो. जमीन म्हणजे विजेचा अथांग समुद्र, तिच्यात कितीही ओतावे, असे आपण समजतो. आटगावचा मे महिन्यातील मुरूम मात्र समुद्र नाही.

येथे आणखी एक आकडा सांगावा लागेल. कॅलिफोर्निया विद्यापीठातील चार्ल्स डाल्झिल या शास्त्रज्ञाने स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांवर प्रयोग करून असे पाहिले होते की, हातात धरलेली सजीव वस्तू किती प्रवाहापर्यंत माणसास आपण होऊन सोडता येते. पुरुषांत ती मर्यादा सरासरीने सुमारे १६ मिलिअँपिअर व स्त्रियांत १०½ भरली. मिलिअँपिअर म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग. फ्यूजला जागे करावयास पंधरा हजारांहून अधिक मिलिअँपिअर लागतात, आणि माणसाचा हात सोळांतच आखडतो! फ्यूज बसविलेला असतो तो तारेस आग लागू नये म्हणून. त्याच्याकडून माणसाच्या रक्षणाची अपेक्षा आपण करीत असू, तर मंडलाचा रोध अत्यंत कमी असावा लागतो. पंधरा अँपिअरचा फ्यूज झटकन जावा यासाठी पाऊणशे अँपिअर धरले, तर सारे मंडल मिळून ३ ओहमांच्या आसपास हवे. गुरांची गोष्ट आणखी नाजूक आहे. त्यांच्या अंगाचा रोध माणसाहून कमी, पायांत वहाणा नाहीत, आणि तोंडापासून खुरांपर्यंत जाणारी वाट छातीतून जाते. माणसासाठी साधारणतः ५० व्होल्टपर्यंतचा स्पर्श सह्य समजतात. गोठ्यांसाठी आंतरराष्ट्रीय नियमांत पूर्वी त्याच्या निम्मी, म्हणजे २५ व्होल्टचीच मर्यादा धरीत असत.

माझा पहिला विचार तुम्हांस सुचेल तोच होता: अर्थिंग सुधारावे. भारतीय मानक ३०४३, जे १९६६ साली प्रथम प्रसिद्ध झाले व अर्थिंगविषयी आपल्याकडे प्रमाण मानले जाते, त्यात अर्थिंगचा नळ अडीच मीटरांहून आखूड नसावा असे आहे. आम्ही दोन गडी लावून खड्डा खोल केला, कोळसा व मीठ घातले, आठवडाभर घागरीने पाणी ओतले. मापक ४२ वरून २१ वर आले. दादांस फार आनंद झाला. मी पुन्हा कागद घेतला. एकूण रोध २५, प्रवाह ९.२ अँपिअर, आणि मोटरीच्या अंगावर १९३ व्होल्ट! निम्मा रोध कमी करूनही २१० चे १९३ झाले, एवढेच. समजा, अशक्य ते शक्य करून सळईचे ६ ओहम केले असते, तरी अंगावर १३८ व्होल्ट राहते व प्रवाह २३ अँपिअर होता. तेवढ्याने पंधराचा फ्यूज गेलाच तर किती मिनिटांनी जाईल हे सांगवत नाही. मिठाच्या गोणीने हा प्रश्न सुटणारा नव्हता.

सुटी संपत आली म्हणून मी एक दिवस घरी येण्यास निघालो. आटगावच्या फलाटावर लोकलची वाट पाहताना, इतकी वर्षे डोळ्यांसमोर असून न पाहिलेली एक वस्तू मला दिसली. रुळांवरची विजेची तार ज्या लोखंडी खांबांनी उचलून धरली आहे, त्या प्रत्येकाच्या पायथ्यापासून एक चपटी लोखंडी पट्टी निघून रुळाकडे जाते. कोठे ती रुळास जोडलेली असते, कोठे खांबाखांबांवरून नेलेल्या एका वेगळ्या भू-तारेने सारे खांब एकमेकांस बांधलेले असतात. रेल्वेच्या भाषेत या जोडण्यांस बाँड म्हणतात. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी पहिली विजेची गाडी धावली ती १,५०० व्होल्टच्या दिष्ट प्रवाहावर. आज कसारा मार्गावर वरच्या तारेत २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह असतो. (मुलांनो, हे खांब दुरूनच पाहावयाचे आहेत.) वरचे चिनी मातीचे विसंवाहक फुटून तार खांबास लागली तर काय होईल? खांबातून पट्टीत, पट्टीतून रुळात, आणि रुळातून थेट विद्युत्-केंद्राकडे, अशी लोखंडाची अखंड वाट प्रवाहास मिळते. ती वाट मातीच्या भरवशावर नाही. म्हणून प्रवाह प्रचंड होतो व केंद्रातील स्विच क्षणार्धात तुटतो. आणि त्या क्षणार्धातही खांब व त्याच्या शेजारचा रूळ एकमेकांस बांधलेले असल्यामुळे त्या दोहोंमध्ये मोठे विभवांतर पडत नाही. या दुसऱ्या अर्ध्या गोष्टीचा मी कधी विचारच केला नव्हता. धक्का व्होल्टांनी बसत नाही, दोन जागांच्या व्होल्टांतील फरकाने बसतो. तारेवर बसलेला कावळा हे मी स्वतः वर्गात उदाहरण म्हणून सांगत असे!

गाडीत बसल्यावर मला कॉलेजातील एक व्याख्यान आठवले. १८३६ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे यांनी बारा फूट लांबी, रुंदी व उंचीचा एक पेटारा बांधविला, त्यास बाहेरून धातूचे आच्छादन केले, जमिनीपासून तो अलग ठेवला, आणि आत स्वतः जाऊन बसले. बाहेरून यंत्राने पेटाऱ्यावर इतका विद्युत्-भार चढविला की कडांवरून ठिणग्या उडू लागल्या. आत फॅरडे पेटत्या मेणबत्त्या व नाजूक विद्युत्-दर्शक घेऊन पाहत होते. कशावरही काही परिणाम झाला नाही. सभोवतीचे सारे एकाच विभवावर असले म्हणजे माणसास इजा व्हावयाचे कारण उरत नाही. आम्ही परीक्षेसाठी ही हकीकत पाठ केली होती. गोठ्यात तिचा उपयोग असेल असे आमच्या प्राध्यापकांनी सांगितले नाही, व आम्हीही विचारले नाही.

पुढच्या शनिवारी मी परत आटगावास गेलो आणि वायरमनांस बोलाविले. मी मोठ्या उत्साहाने सांगू लागलो की, मोटर, नळ, हौद व खांब ही सारी तांब्याच्या तारेने एकमेकांस बांधून टाकू. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले व विचारले, "आणि म्हशीचे पाय, मास्तर?" मी गप्प झालो. नळ आणि हौद तर आधीच एकमेकांस जोडलेले होते, दोहोंवर सारखेच २१० व्होल्ट होते. म्हैस मेली ती तोंड नळास व खूर जमिनीस लागल्यामुळे. ते म्हणाले, "गोठ्यात पायसुद्धा हातच समजायचा. फरशीही बांधावी लागेल." एका मोठ्या तबेल्याचे काम त्यांनी पूर्वी केले होते.

मग कोबा उखडला. खाली लोखंडी सळयांची जाळी अंथरली, तिचे सांधे जोडून घेतले, आणि तिच्यावर नवा कोबा घातला. जाळीची दाराकडील कड एकदम संपविली नाही. ती उतरत उतरत जमिनीत खोल नेली. कारण जाळीवर एक पाय व बाहेरच्या मातीवर दुसरा पाय, अशा ठिकाणी गुरास झटका बसण्याचा संभव असतो; कड हळूहळू खोल गेली की तो फरक एका पावलात न पडता अनेक पावलांवर वाटला जातो. जाळी, हौद, नळ, मोटर, छपराचे खांब, गुरे बांधावयाचे लोखंडी खुंटे, ही सर्व ४ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेने बांधली व ती तार मोटरीच्या अर्थिंगच्या तारेस मिळविली. या कामास पूरक जोडणी, किंवा वायरमनांच्या तोंडच्या भाषेत बाँडिंग, म्हणतात. पूरक हा शब्द ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मूळ अर्थिंग काढून टाकून ही करावयाची नसते.

तिचा हिशोबही मी तेथेच, नव्या खडूने, जुन्या आकृतीच्या शेजारी मांडला. अशा तारेच्या दहा मीटरांचा रोध सुमारे ०.०५ ओहम. उंदराने पुन्हा तोच उद्योग केला व ५ अँपिअर वाहू लागले, तर मोटर आणि हौद, किंवा हौद आणि खालची फरशी, यांत पडणारा फरक ५ गुणिले ०.०५, म्हणजे पाव व्होल्ट. सळईपाशी ४२ ओहम असोत की शंभर असोत, त्याने या पाव व्होल्टात वाढ होत नाही. सारा गोठा एकदम २१० व्होल्टांवर चढेल, परंतु आत उभी असलेली म्हैसही त्याच्याबरोबरच चढेल. आंतरराष्ट्रीय नियमांत अशा जोडणीची कसोटी दिली आहे ती सोपी आहे: फ्यूज वेळेवर जाण्यास जेवढा प्रवाह लागतो त्याने ५० व्होल्टना भागावे, आणि एकाच वेळी स्पर्श होऊ शकणाऱ्या दोन वस्तूंमधील रोध येणाऱ्या उत्तराहून अधिक नसावा. आमच्या फ्यूजसाठी ५० भागिले ७५, म्हणजे सुमारे ०.६७ ओहम. आमचे ०.०५ त्यात सहज बसले.

दादांनी सारे ऐकून एक शंका विचारली, आणि ती शास्त्राच्या पदवीधराच्या पहिल्या उत्साहाहून मोलाची होती. "गोठा चढेल म्हणतोस. मग मी बाहेर अंगणात मातीवर उभा राहून गोठ्याचा खांब धरला तर?" तर दादांस धक्का बसेल. पूरक जोडणीचे हे खरे उणे आहे. ज्या आवारात सर्व काही बांधलेले आहे तेथे ती संरक्षण करते. त्या आवाराच्या उंबरठ्यावर ती निरुपयोगी, आणि एखादा लोखंडी नळ आतून बाहेर बागेत गेलेला असेल तर ती आतला विभव बाहेर नेऊन पोहोचवितेही. शिवाय ५ अँपिअर तसेच वाहत राहतात. म्हणून बागेकडे जाणारा नळ आम्ही मध्येच दोन मीटर प्लॅस्टिकचा केला, आणि मुख्य फळीवर गळती ओळखणारा स्विच बसविला, ज्यास बाजारात आरसीसीबी म्हणतात व जुने लोक ईएलसीबी म्हणतात.

या स्विचचे तत्त्व किराणा दुकानदाराच्या हिशोबासारखे आहे. फेजच्या तारेने जेवढा प्रवाह गेला तेवढा न्यूट्रलच्या तारेने परत यावयास हवा. तीस मिलिअँपिअरची तूट आली की, ती कोणाच्या अंगातून गेली की मातीत गेली याची चौकशी न करता, तो सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत वीज तोडतो. त्याला मोठा प्रवाह लागत नाही, म्हणून मंडलाचा रोध मोठा असला तरी त्याचे अडत नाही. ५० व्होल्टना ०.०३ अँपिअरने भागून पाहा, सोळाशे ओहमांहून अधिक रोधाची सळईही त्यास चालते. "मग ही जाळी कशाला घातली?" असे वहिनींनी विचारले. वायरमन म्हणाले, "बाई, ते यंत्र आहे. गोठ्याच्या घरात ओल असते, कधी आतून गंजते, अडकते. जाळी अडकत नाही." त्या स्विचवर एक परीक्षेचे बटण असते, ते महिन्यातून एकदा दाबून वीज जाते की नाही हे पाहावयाचे असते. पुष्कळ घरांत हा स्विच असतो व ते बटण कशासाठी आहे हे घरात कोणास ठाऊक नसते. पालकांनी आपल्या घरी जाऊन ते एकदा शोधावे.

घरातील न्हाणीघरासही हाच विचार लागू आहे. जुन्या घरांत पाण्याचे नळ लोखंडी असतात, वर पाणी तापविण्याचे यंत्र असते, आणि उघड्या अंगाने व ओल्या पायांनी आपण त्यांच्यामध्ये उभे असतो. तेथे यंत्राचे अंग, गार पाण्याचा नळ व गरम पाण्याचा नळ हे जाणत्या वायरमनकडून जोडून घ्यावेत. नळ सर्वस्वी प्लॅस्टिकचे असतील तर त्यांच्या टोकावरील पितळी तोटी बांधण्याची गरज नाही. तिच्यातून विभव आणणारी लोखंडी वाटच नसते. आणि हे काम मुलांनी स्वतः करावयाचे नाही, हे निराळे सांगणे नको. तुमचे काम विचारण्याचे: "आपल्या अर्थिंगचा रोध किती? कोणी मोजला आहे काय? कोणत्या महिन्यात?" मी स्वतः पदवीधर असून ते दोन वर्षे विचारले नव्हते.

गोठ्याच्या भिंतीवर आता दोन आकृत्या आहेत. पहिलीतील तीन आडव्या रेघांपाशी मी ४२ हा आकडा लिहिला. वहिनी एकदा तिच्याकडे पाहून म्हणाल्या, "भाऊजी, हा आकडा तेव्हाच लिहिला असता तर?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि त्यामुळेच मला ते अधिक लागले. दादांनी नवी म्हैस आणली. तीही, कोण जाणे कशी, वाहत्या पाण्यासच तोंड लावते. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस दादा परीक्षेचे बटण दाबतात व दाराच्या फळीवर, दुधाच्या हिशोबाच्या शेजारी, खडूने तारीख टाकतात. गेल्या जुलैत वायरमनांनी सळई सोडवून मोजली तेव्हा ती १४ ओहम भरली. यंदाच्या मे महिन्यात, कोळसा-मीठ असूनही, पुन्हा ३७.